खिडकीबाहेर तार धरून

इंटरनेट दुरुस्त करणारा तो पहिल्यांदा दारात आला तेव्हा मी भांडायच्या तयारीतच होते. चार दिवस इंटरनेटचा खेळखंडोबा, शुक्रवारी चारला नोकरीची ऑनलाइन मुलाखत, आणि घरात मोबाईलची रेंज म्हणजे नुसती नावाला. दोन वर्षं घरी बसून काढली होती. ही नोकरी मी सोडणार नव्हते.

तो आत आला, आणि राउटरचा लाल दिवा आपोआप हिरवा झाला. चालू तर आहे, म्हणाला. तो गेला, की पुन्हा लाल. बुधवारीही तेच.

"मला बघून लाजतो वाटतं तुमचा राउटर," म्हणत तो मान खाली घालून हसला. खरं तर मला राग यायला हवा होता... आला नाही.

शुक्रवारी दुपारी त्याला तिसऱ्यांदा बोलावलं आणि स्टूल पुढे केलं. "दोष सापडेपर्यंत मी तुम्हाला हलू देणार नाही."

तो बसला. मुलाखतीचं सगळं विचारलं, लक्ष देऊन ऐकलं. तेवढ्यात धूळ येते म्हणून आईनं गॅलरीची खिडकी लावली – आणि दिवा लाल. आम्ही दोघांनी खिडकीकडे बघितलं, मग एकमेकांकडे. तार त्याच खिडकीच्या फटीतून आत येत होती, आणि खिडकी लावली की चिमटत होती. 'तारवाले' आले की त्यांना वारा लागावा म्हणून आई खिडकी उघडायची, गेले की लावायची. काखेत कळसा नि गावाला वळसा!

खिडकी उघडली, पण आता दिवा लालच राहिला. तार आतून पिचली होती. नवी तार पाचच्या आत येणार नव्हती, आणि चार वाजायला दहाच मिनिटं होती. मी रडायच्या बेतात होते.

तो गॅलरीत गेला. पिचलेली तार दोन्ही हातांनी सरळ धरली. हिरवा.

"हलू नका," मी म्हणाले.

"हलू देणार नाही म्हणालाच होतात की."

अर्धा तास तो उन्हात तसाच उभा होता. उत्तरं छान जमत होती, पण नजर सारखी खिडकीकडे जात होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पकडलंच. "बाहेरून कोणी उत्तरं सांगतंय का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी कॅमेरा खिडकीकडे वळवला. "तार खराब झालीय. ते धरून उभे आहेत, म्हणून मी तुमच्याशी बोलू शकतेय."

"कोण तुमचे?"

"अजून कोणी नाहीत. पण... मुलाखत संपली की विचारणार आहे."

दिवा लाल झाला. दोन क्षणांनी तो हिरवा झाला तेव्हा बाई हसत होत्या. म्हणाल्या, पहिल्या तारखेला रुजू व्हा, आणि त्या बिचाऱ्यांना आता बसू द्या.

मी गॅलरीत गेले. त्याचे कान लाल झाले होते, आणि तार अजून हातात होती.

"सोडा आता," मी म्हणाले.

"नाही," तो म्हणाला. "आधी विचारा."