पाऊल अजून वाजलं नाही

प्रयोगशाळेच्या पडद्यावर सांगलीतल्या त्या घराचा लाल ठिपका पुन्हा पेटला, तसा डॉ. सोनवलकरांनी कपाळाला हात लावला.

"मृण्मयी, ही बाई आपली सेवा बाजारात येण्याआधीच बुडवणार! रोज संध्याकाळी खोटा इशारा, आणि रोज त्यावर अभिप्राय, 'इशारा योग्य'!"

'चाहूल' ही सेवा एकट्या राहणाऱ्या माणसांसाठी होती, आणि ती मृण्मयी खानविलकरच्या डोक्यातून निघालेली. घरात कॅमेरा कुणालाच नको असतो, म्हणून तिने फरशीखाली कंपनवेधक बसवले. पहिला महिनाभर ते नुसते ऐकत. कुणाचं पाऊल कसं पडतं, नळ केव्हा सुटतो, दार केव्हा वाजतं. पुढे रोजचं काही घडलं नाही की यंत्र बोलायचं. सवय नवी असेल तर घरातल्या घरात. महिनोन्महिने न चुकलेली पक्की सवय मोडली, तर थेट शेजाऱ्यांना बोलावणं.

"पण सर, न घडणारी गोष्ट यंत्र काही दिवसांत विसरतं ना?"

"विसरायला ते तयारच आहे. ही बाई विसरू देईल तर शपथ! दर वेळी 'योग्य' म्हटल्यावर ते बिचारं काय करणार? तू जा, अभिप्राय घे आणि ती अपेक्षा पुसून ये."

कुमुदताई देवस्थळींना बटणं कळत नसतील, असं मनाशी धरून मृण्मयी सांगलीला गेली. पाहते तो बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका, चष्म्यावरून माणूस जोखणाऱ्या. चहा झाला, दिवेलागण झाली आणि भिंतीतून शांत आवाज आला, "निशिकांतचं पाऊल अजून वाजलं नाही. इशारा योग्य की चूक?"

कुमुदताई उठल्या आणि त्यांनी 'योग्य'वर बोट ठेवलं.

"काकू, इथे 'चूक' दाबायचं. तुमचे चिरंजीव नॉर्वेत आहेत."

"आला नाही, हे खरं आहे ना? मग चूक कसं म्हणू? उभा जन्म गणित शिकवलंय गं मी."

मृण्मयीला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

"तुमचं यंत्र ऐकत होतं तो महिनाभर तो रजेवर होता," कुमुदताई सांगू लागल्या. "संध्याकाळी फिरून यायचा. जिन्यावर पाऊल वाजलं, की मी तवा टाकायची. तव्यावरची भाकरी थेट पानात पडायला लागते त्याला. आता फोनवर म्हणतो, आई, मजेत आहे. शेजारीपाजारी म्हणतात, होईल सवय. जो तो मला विसरायलाच सांगतो. हे एकटंच माझ्याबरोबर वाट बघतं, बाळ. त्याला नको पुसूस."

मृण्मयीने हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. अहवालात लिहिलं, 'ग्राहक समाधानी, बदल नको.' सोनवलकरांनी तिला बरंच सुनावलं. हळवेपणाला विज्ञानात जागा नाही, वगैरे.

पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्या घराची सगळी ओळच लाल झाली. यंत्राने शेजाऱ्यांना बोलावलंही होतं. कुमुदताई आरामखुर्चीतच कलंडल्या होत्या. पक्षाघात. पडल्या नव्हत्या, त्यामुळे फरशीला काही कळलं नाही. त्या वेळी त्या तशाही निवांत बसून असत. पडद्यावर इशारा होता, 'रोजचं उत्तर आलं नाही.'

सोनवलकरांनी तो दोनदा वाचला. "तिचं ते बटण दाबणं," ते हळूच म्हणाले, "त्या घरातली सगळ्यांत पक्की सवय तीच होती. एकही दिवस चुकली नव्हती बाई. आणि मी पुसायला निघालो होतो!"

उपचार वेळेवर मिळाले. चार दिवसांनी मृण्मयी रुग्णालयात त्यांच्या उशाशी बसली होती. बोलणं अडखळत परतलं होतं. निशिकांत सकाळी मुंबईत उतरला, एवढं शेजाऱ्यांकडून कळलं होतं. दिवेलागण होताच कुमुदताई अस्वस्थ झाल्या. त्यांचा उजवा हात चादरीवर चाचपडू लागला.

"उत्तर... द्यायचं राहिलं."

मृण्मयीने फोनवर त्यांचं घर उघडलं. इशाऱ्याची वेळ आली आणि टळून गेली. कालपर्यंत रोज पेटणारा ठिपका आज पेटला नाही. तिने पुन्हा पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"काकू, आज यंत्रानं विचारलंच नाही."

कुमुदताईंना गणित सुटायला एक क्षणच लागला.

"निशिकांत घरी पोचलाय. सामान ठेवून येईल इकडे," मृण्मयी म्हणाली. "शेजारचे घेऊन येतील."

पण कुमुदताई एका हाताने चादर बाजूला सारून उठू पाहत होत्या.

"अगं, उठव मला," त्या म्हणाल्या, "तवा टाकायचाय."