उलटं बसवलेलं सील

चष्मेवाल्याच्या घरी मोटरसायकल आली तेव्हा तिच्यामागोमाग तेलाचा डागही आला. पडवीतल्या पांढऱ्या फरशीवर, इंजिनाच्या डाव्या पोटाखाली, रोज सकाळी थाळीएवढं गोल तळं साचलेलं असायचं. बायकोने दोन दिवस फरशी पुसली आणि तिसऱ्या दिवशी तिथे एक जुना ट्रे सरकवून हात झटकले.

"बाबांची लाडकी तुम्ही घरात आणलीत, आता तिचं तुम्हीच बघा," ती म्हणाली.

मोटरसायकल सासऱ्यांची होती. चाळीस वर्षं लेथ चालवलेला हा माणूस. केसाएवढा फरक नुसत्या बोटाने ओळखायचा आणि तो ओळखला की समोरच्याला सोडायचा नाही. गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा ते थोरल्या लेकीकडे राहायला गेले आणि जाताना किल्ली धाकट्या जावयाच्या हातात टेकवून म्हणाले, "सांभाळा. फार काही करायला जाऊ नका. तुमचे हात चष्म्याचे."

हे वाक्य चष्मेवाला बावीस वर्षं ऐकत आला होता. नळ दुरुस्त केला, तुमचे हात चष्म्याचे. कपाटाचं दार बसवलं, तेच. सासऱ्यांच्या तोंडून 'जमलं' एवढा एक शब्द निघालेला त्याने कधी ऐकला नव्हता, आणि तो ऐकायची त्याला किती भूक होती हे बायकोला पक्कं ठाऊक होतं. सासरे दोन आठवड्यांनी रविवारी राहायला येणार होते. त्या दिवशी फरशी कोरडी ठणठणीत हवी, एवढंच चष्मेवाल्याच्या डोक्यात बसलं.

तो मुळातच मोजून मापून जगणारा. आधी गळती किती ते बघू म्हणून त्याने स्वयंपाकघरातला मापाचा कप पळवला. रोजची गळती भरली अर्धा कप. एकाही दिवशी ना थेंब कमी, ना थेंब जास्त. तेलही मधासारखं स्वच्छ, आत्ता डब्यातून ओतल्यासारखं. सात दिवसांत साडेतीन कप बाहेर पडलं, म्हणजे इंजिन जवळजवळ कोरडं पडायला हवं होतं. त्याने तेल मोजायची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली आणि काढून उजेडात धरली. तेल वरच्या खुणेला टेकलेलं होतं.

गाडी साइड स्टँडवर तिरकी उभी आहे म्हणून असेल, असं त्याने ठरवलं. मेन स्टँडवर घेतली, सीटवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आणला. तेल वरच्याच खुणेला.

"तुम्ही झोपल्यावर मी भरते," बायको म्हणाली.

"खरंच?"

"अहो, मला झाकण कुठलं तेही माहीत नाही."

ती हसली म्हणून तोही हसला. पट्टीच चुकीची असणार, दुसऱ्या गाडीची लावली असेल कोणीतरी, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर त्याने काम काढलं. खाली वर्तमानपत्रं अंथरली, शेजारी चष्म्याचे बारीक स्क्रू ठेवायच्या डब्या ओळीने मांडल्या. गिअरचा दांडा निघाला. मग डावं कव्हर निघालं, त्याच्या आत तेलाने कालवलेल्या धुळीचा बोटभर थर होता. चाक फिरू नये म्हणून बायको सीटवर बसून ब्रेक दाबून धरत होती आणि एकीकडे शब्दकोडं सोडवत होती. त्याने पुढच्या दातेरी चक्राचे बोल्ट सोडवले, चेन उतरवली, चक्र ओढून काढलं. त्यामागे, गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याभोवती, ऑइल सील होतं. रुपयाहून थोडी मोठी, रबराची काळी कडी.

तो वाकला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि टाळी वाजवून फरशीवर चक्क मांडी घालून बसला.

"काय झालं?"

"उलटं आहे."

"काय उलटं आहे?"

त्याने बाजारातून आणून ठेवलेलं नवीन सील तिच्यापुढे धरलं. एका बाजूला सपाट पाठ, तिच्यावर मापाचे आकडे. दुसऱ्या बाजूला खोबण आणि खोबणीत बारीक स्प्रिंग. ज्या बाजूला तेल, त्या बाजूला स्प्रिंग, हे सील विकणाऱ्या दुकानातल्या नोकरालाही कळतं. इथे स्प्रिंग बाहेर होती. जणू अडवायचं ते बाहेर आहे आणि आतल्याला वाट मोकळी.

"बाबांनी बसवलंय हे," बायको म्हणाली. आता तिचा आवाज थट्टेचा नव्हता. "बाबा असं चुकत नाहीत."

"चुकले की." चष्मेवाल्याच्या आनंदाला पारावार राहिला नाही. बावीस वर्षांचं उट्टं त्या काळ्या कडीत सापडलं होतं. त्याने हातसुद्धा पुसले नाहीत, तेलकट बोटांनीच फोन लावला.

"बाबा, सील उलटं बसलंय तुमचं."

पलीकडून सासरे म्हणाले, "उघडलंत?"

"उघडलं. आता सुलट बसवतो."

"उलटंच बसवा."

"अहो, पण गळतंय ना."

"गळू दे. ट्रे ठेवा खाली."

"पण का?"

"मी तीन वेळा सुलट बसवलं होतं," सासरे म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

म्हाताऱ्याला चूक कबूल करवत नाही, असा चष्मेवाल्याने अर्थ लावला, आणि खरं सांगायचं तर त्याला तो फार गोड वाटला. जुन्या सीलमध्ये त्याने दोन स्क्रू पिळले, पक्कडीने धरून सील उपटलं. खोबण चष्मे पुसायच्या फडक्याने लख्ख केली. नव्याच्या आतल्या कडेला ग्रीस लावलं, आकडे बाहेर ठेवले, त्याच मापाचा पान्याचा सॉकेट वर टेकवून लाकडी हातोडीने हलके हलके ठोकत ते काठोकाठ बसवलं. बायकोने मान तिरकी करून बघितलं आणि त्याची पाठ थोपटली. संध्याकाळी दोघं चौकापर्यंत फेरफटका मारून आली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि लग्नाआधीच्या चेष्टा आठवून दोघं रस्त्याने हसत होती.

सोमवारी सकाळी ट्रे कोरडा होता. चष्मेवाल्याने गुणगुणत पट्टी काढली.

तेल खुणेच्या वर गेलं होतं.

त्याने खालचा बोल्ट सैल करून जादा तेल कपात काढलं. अर्धा कप भरलं. मंगळवारी पुन्हा अर्धा. बुधवारीही तेवढंच.

"तेलाचं दुकान काढूया," बायको म्हणाली, पण कप तिने परत स्वयंपाकघरात घेतला नाही.

आता पट्टीला दोष देता येईना. गुरुवारी त्याने झाकणावर आणि खालच्या बोल्टवर पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली. कोणी फिरवलं असतं तर रेघ तुटली असती. शुक्रवारी सकाळी दोन्ही रेघा अखंड होत्या. अर्धा कप तेल निघालं. ते कोमट होतं. गाडी तर रविवारपासून जागची हलली नव्हती. त्याने हा कोमटपणा बायकोला सांगितला नाही, आणि दिवसभर दुकानात त्याचं लक्ष लागलं नाही.

शनिवारी मात्र तेल बरोबर खुणेला. ना वर, ना खाली. ट्रे कोरडा, फरशी कोरडी. चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. नव्या सीलला रुळायला वेळ लागला असेल, आत कुठे जुनं तेल अडकून राहिलं असेल ते संपलं. कारण सापडलं की त्याला शांत झोप लागायची, आणि हे कारण तर त्याला दाढी करता करताच सापडलं. तो शीळ घालत दुकानात गेला.

दुकानात त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांनी नवे चष्मे परत त्याच्यापुढे ठेवले.

"जरा धूसर दिसतंय," एक शिक्षिका म्हणाली.

त्याने काच पुसून दिली. तिने चष्मा लावला, काढला. "आता जास्तच."

फडकं मळलं असेल म्हणून त्याने नवं काढलं, मग तेही बदललं.

रविवारी सासरे आले. काठी टेकत आधी पडवीतच गेले. चष्मेवाला मागे उभा राहिला, शाळेत निकालाच्या रांगेत उभं राहावं तसा. सासऱ्यांनी काठीच्या टोकाने ट्रे बाजूला सारला. फरशी बघितली. हातांत नवे कोरे पांढरे सुती हातमोजे होते, ते न काढताच इंजिनाच्या पोटावरून बोट फिरवलं आणि बोटाचं टोक उजेडात धरलं. ते स्वच्छ होतं.

"जमलं," ते म्हणाले.

चष्मेवाल्याला भरून आलं. बायकोने दारातूनच ऐकलं आणि ती लहान मुलीसारखी हसली. बावीस वर्षांनी का होईना, शब्द मिळाला होता, तोही ती समोर असताना.

"चहा टाकते," म्हणत ती आत गेली.

ती आत जाईपर्यंत सासरे थांबले. मग हळू आवाजात विचारलं, "तेल वाढायचं थांबलं?"

तेल वाढत असल्याचं चष्मेवाल्याने त्यांना सांगितलंच नव्हतं.

"काल थांबलं."

सासऱ्यांनी मान हलवली. "उलटं बसवायचं मला फार उशिरा सुचलं," ते म्हणाले.

त्यांनी पिशवीत हात घालून एक नवं पाकीट काढलं. जाड कोऱ्या कागदात बांधलेल्या पांढऱ्या सुती हातमोज्यांच्या बारा जोड्या होत्या. ते त्यांनी जावयाच्या हातात ठेवलं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर थोपटलं.

"दिवसाला दोन जोड्या लागतात," ते म्हणाले. "सवय होते."

चष्मेवाल्याने पाकिटाकडे पाहिलं. सासरे यायच्या आधी त्याने साबणाने दोनदा हात धुतले होते. कोऱ्या कागदावर त्याची पाची बोटं उमटली होती, मधाच्या रंगाची, आणि कागदात हळूहळू पसरत होती.