गार्गीची गुणगुण

पडद्यावरची हिरवी रेघ लाटा काढत होती, पण तन्मय भालेरावला काहीच ऐकू येत नव्हतं.

त्याची बायको गार्गी दोन हातांच्या अंतरावर, ओठ आणि डोळे मिटून बसली होती. नाशिकच्या स्वरप्रयोगशाळेतल्या डॉ. शर्वरी खैरनार तिला हातानं खुणावत होत्या, अजून, अजून थोडं. अर्ध्या मिनिटानं त्यांनी बटण दाबलं आणि हसल्या.

“काय गोड गुणगुणता हो काकू! कुठलं गाणं हे?”

“गाणं कसलं? उगीच आपलं. सवय आहे जुनी,” गार्गी म्हणाली. हे घोगरं वाक्य मात्र तन्मयला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

गार्गीच्या स्वरयंत्रात गाठ होती. गुरुवारी अख्खं स्वरयंत्र काढून टाकायचं ठरलं होतं आणि त्या जागी बसणार होती कंठिका, बोराएवढं एक यंत्र. पूर्वी अशा रुग्णांना पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज मिळायचा. आता रुग्णाची स्वतःची गुणगुण टिपून तीच कंठिकेत भरता येत होती. बोलणं म्हणजे तरी काय, गळ्यातल्या गुणगुणीला जीभ आणि ओठ आकार देतात. गुणगुण आपली असली की आवाजही आपलाच. हे कळलं त्या दिवशी गार्गी दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली होती.

ती रक्त द्यायला खालच्या मजल्यावर गेली तसा तन्मय पुढे सरकला.

“डॉक्टर, मघाशी स्पीकर बंद होता का?”

“स्पीकर कशाला लागतो? काकू समोरच तर बसल्या होत्या.”

“मला काही ऐकूच आलं नाही.”

डॉक्टरांना आधी वाटलं, नवरेमंडळींची नेहमीची थट्टा आहे. मग त्यांची नजर त्याच्या कानांकडे गेली. तन्मयच्या दोन्ही कानांत कर्णिका होत्या, तांदळाच्या दाण्याएवढी श्रवणयंत्रं. कारखान्यांतले पंखे आणि पंप गप्प करण्यात तीस वर्षं घालवलेल्या या इंजिनिअरचे स्वतःचे कान पंचेचाळिशीतच कामातून गेले होते. डॉक्टरांनी एक वाचक यंत्र त्याच्या कानाजवळ धरलं आणि पडदा वाचून दाखवला.

“सर, तुमच्या कर्णिकेत एक ध्वनिचाळण चालू आहे. ‘गुणगुण, स्त्री, घरगुती.’ नऊ वर्षांपूर्वी घेतलीये. दर महिन्याला आपोआप नूतनीकरण. परवाच पैसे गेलेत तुमच्या खात्यातून.”

तन्मयचा चेहरा खर्रकन उतरला.

नऊ वर्षांपूर्वी एका धरणाच्या पंपघराचं काम घरून करायचं होतं, मुदत दोन महिन्यांची. गार्गी दिवसभर घरात वावरताना तोंड मिटून गुणगुणायची. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, काहीच नसलं तर नुसती. एका दुपारी तन्मय खेकसला, “गार्गी, तो भुंगा बंद कर आधी!” ती दोन दिवस बोलली नाही. मग त्यालाच लाज वाटली. बायकोला गप्प करण्यापेक्षा आपले कान बंद करावेत, या उदात्त विचारानं त्यानं चाळण घेतली. पहिला महिना मोफत होता. काम संपलं की बंद करू, असं ठरवलं आणि विसरला.

विसरण्यात तन्मयचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्या व्यायामशाळेला कुलूप लागून चार वर्षं झाली तिची वर्गणी त्याच्या खात्यातून जायची. मरून गेलेल्या तुळशीला कधी पाणी घालावं याचा सल्ला दर सोमवारी विकत यायचा. दर दिवाळीत तो हे सगळं साफ करायची शपथ घ्यायचा आणि फराळाला बसायचा. त्या गर्दीत ही चाळण कुठल्या कोपऱ्यात पडली होती, कोण बघतंय?

पैशांचं त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. चाळण डोक्यातून गेली होती, त्यामुळे इतकी वर्षं त्याची पक्की समजूत होती की त्या दुपारच्या खेकसण्यानंतर गार्गीनं गुणगुणणं सोडलं. घर मुकं झालं होतं आणि ते आपण केलं, हे त्याला मनातल्या मनात खात आलं होतं. विचारायची मात्र हिंमत झाली नव्हती.

“म्हणजे ती थांबलीच नव्हती,” तो म्हणाला.

“थांबली असती तर आज इतकं सुरेल जमलं असतं का?” डॉक्टर म्हणाल्या. “चाळण काढून टाका. गुरुवारच्या आत ऐकून तरी घ्या.”

घरी येऊन त्यानं चाळण बंद करायला घेतली. घेताना एक बोट लागलं होतं. सोडताना सबंध संध्याकाळ लागली. कंपनीच्या यांत्रिक मदतनिसानं आधी त्याला अर्ध्या किमतीत चाळण देऊ केली, मग मुलांच्या रडण्याची चाळण भेट म्हणून पुढे केली. घरात मूल नाही हे तीनदा सांगून झालं. शेवटी ‘आपल्याला शांततेची किंमत कळत नाही याची आम्हाला खंत वाटते’ असा निरोप आला आणि चाळण बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्गी दवाखान्याची पिशवी भरत होती. तन्मय दाराशी उभा राहिला. तिच्या गळ्याजवळची शीर हलत होती, मान लयीत डुलत होती. आता कुठे त्याला ती हालचाल दिसली. नऊ वर्षं ती रोज डोळ्यांसमोर असणार. ऐकू मात्र काहीच आलं नाही. घड्याळाची टिकटिक आली, रस्त्यावरच्या भंगारवाल्याची आरोळी आली. गार्गी आली नाही.

तो तडक प्रयोगशाळेत गेला.

“कर्णिका खराब झालीये. चाळण काढली तरी तेच.”

डॉ. खैरनारांनी कर्णिकेतली आतली नोंद उघडली. शेवटच्या ओळीपर्यंत ती वाचून काढली.

“सर, तुम्ही तर आवाजातले जाणकार. तुमच्या कामात आवाज कसा मारता?”

“उलटा आवाज सोडून. लाटेवर उलटी लाट. दोन्ही एकमेकींना खातात.”

“जुन्या चाळणी तशाच होत्या. बॅटरी दुपारपर्यंत संपायची. मग कंपन्यांनी सोपा रस्ता शोधला. तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज दिवसभर घरघरतो, तो तुम्हाला ऐकू येतो का?”

“नाही. लक्षात आणून दिलं तर येतो.”

“कारण मेंदू त्याला कामाचा समजत नाही. हे वगळणं मेंदूला उपजतच येतं. नवी चाळण आवाज मारत नाही. तो आवाज आला की ती श्रवणनाडीला हलकासा संकेत देते, याच्याशी तुझा संबंध नाही. संकेत दिला की मेंदू तो आवाज आत घेत नाही. एखादा महिना असं केलं तर काही बिघडत नाही. पण वर्षं गेली की मेंदू शिकून जातो.”

“म्हणजे?”

त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. “ही तुमच्या चाळणीची नोंद. शेवटचा संकेत कधी दिलाय बघा.”

तन्मयनं तारीख वाचली. सात वर्षांपूर्वीची होती.

“पहिली दोन वर्षं चाळणीनं काम केलं,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यानंतर तिला काही करावंच लागलं नाही. गेली सात वर्षं काकूंचा आवाज तुम्ही स्वतःच वगळताय. पैसे नुसतेच जात होते.”

तन्मय कोरडं हसला. मग हसणं थांबलं, कारण इंजिनिअरचं डोकं एक पायरी पुढे गेलं होतं.

“डॉक्टर, कंठिकेत तिची गुणगुणच भरणार ना?”

“हो.”

“तिच्या प्रत्येक शब्दाखाली तीच असणार?”

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्याही ते नुकतंच ध्यानात आलं असावं. “आत्तापर्यंत तुम्ही त्यांचं बोलणं ऐकू शकलात, कारण बोलताना गळा अक्षरागणिक बदलतो. कंठिका बदलत नाही. सूर वरखाली झाला तरी ती एकच ठसा धरून ठेवते. आणि नेमका तोच ठसा तुमच्या मेंदूनं…” त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. “सगळ्या जगाला काकू ऐकू येतील, सर. फक्त तुम्हाला नाही.”

“मेंदू पुन्हा शिकेल की!”

“काहींचा शिकतो. वर्ष लागतं, दोन लागतात. काहींचा शिकत नाही. मी खोटं सांगणार नाही.”

“ठसा बदला मग.”

“कंठिकेत ठसा एकदाच उमटतो. नंतर बदलायचा तर गळा पुन्हा उघडावा लागेल, आणि ही गाठ बघता तो धोका मी घेणार नाही. दुसरा उपाय एकच. कारखान्यातला तयार आवाज बसवायचा. तो तुम्हाला ऐकू येईल. पण निर्णय काकूंचा आहे. उद्या सकाळपर्यंत सांगा.”

तन्मय घरी परतला तो सगळं सांगायचंच असं ठरवून. गार्गी खिडकीत मोबाइल घेऊन बसली होती, आणि तिचा चेहरा लग्नातल्या फोटोत होता तसा दिसत होता.

“अरे, डॉक्टरांनी नमुना पाठवलाय! माझा नवा आवाज. ऐक ना.”

तिनं बटण दाबलं. तन्मय मोबाइलकडे बघत राहिला. तिनं मान तिरकी करून विचारलं, “कसा आहे?”

“छान आहे,” तो म्हणाला.

“खरंच? मला वाटलं, थोडा नाकात जातोय.”

खोटं बोलायची ही पहिलीच वेळ नव्हती, पण यापुढे जन्मभर हेच करावं लागेल, हे त्या क्षणी त्याला कळलं आणि त्याचा धीर सुटला. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं पंपघरापासून सगळं सांगितलं.

सांगून झाल्यावर तिनं मोबाइल उताणा मांडीवर ठेवला.

“नऊ वर्षं?”

“दोन महिन्यांसाठीच घेतली होती गं. बंद करायची राहून गेली.”

“राहून गेली,” ती म्हणाली. “आणि मला वाटायचं, तुला आता आवडायला लागलंय. काही बोलत नाहीस, चिडत नाहीस. तुझ्या टेबलामागं खुर्ची घेऊन बसायचे मी मुद्दाम.”

“मला वाटायचं, माझ्यामुळं तू सोडलंस.”

“विचारायचंस की!”

तन्मयनं मान खाली घातली.

“तुझे बाबा गेले त्या दिवशी,” ती हळू आवाजात म्हणाली, “दुपारभर तुझ्या शेजारी बसून मी त्यांची आवडती भूपाळी गुणगुणत होते. तू डोळे मिटून ऐकत होतास.”

तन्मयला ती दुपार लख्ख आठवत होती. गार्गी शेजारी बसली होती आणि एक शब्दही बोलली नव्हती. तेव्हा त्याला तिचा रागसुद्धा आला होता. तो ओक्साबोक्शी रडायला लागला. गार्गीनं त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, “तयार आवाज चालेल तुला?”

“तो कोणाचा असतो?”

“कोणाचाच नाही.”

“तुला ऐकू यावं म्हणून मी उरलेला जन्म कोणाच्याच नसलेल्या आवाजात बोलू?” ती रागावली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. “माझं सगळं काढून नेणारेत परवा. एवढंच माझं उरतंय. ते मी नाही देणार, तन्मय. मला वाईट वाटतंय, पण नाही देणार.”

त्यानं मान डोलावली.

गुरुवारची शस्त्रक्रिया उत्तम झाली. दहाव्या दिवशी डॉ. खैरनारांनी कंठिका सुरू केली. डॉक्टरांच्याच सल्ल्यानं तन्मयनं मोबाइलवर एक शब्दलेखक सेवा उतरवून घेतली होती. समोरचा माणूस बोलला की त्याचे शब्द पडद्यावर अक्षरांत उमटायचे. पहिला महिना मोफत, त्यानंतर आपोआप नूतनीकरण. ‘मान्य’ दाबताना त्याचं बोट क्षणभर अडखळलं, पण दाबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

गार्गीनं तोंड उघडलं. तिचे ओठ हलले आणि दोन सेकंदांनी त्याच्या हातात अक्षरं आली: ‘येतंय का रे काही?’

“येतंय, येतंय,” तो घाईघाईनं म्हणाला आणि मोबाइल वर करून दाखवला.

गार्गी मोबाइलकडे बघून हसली. मग तिनं उशीवर डोकं टेकलं, डोळे मिटले आणि ओठही मिटले. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होत्या, त्यांचा हात मधेच थांबला. दारातून जाणारी परिचारिका पाऊल न टाकता तिथेच उभी राहिली. दोघींच्या चेहऱ्यांवर तेच हसू पसरलं, आणि परिचारिकेची मान हळूहळू डुलू लागली.

तन्मयनं पडदा पुसला. मोबाइल गार्गीच्या गळ्याजवळ नेला. वाट बघितली.

“काय म्हणतेय?” त्यानं डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. तेवढ्यात हातातला पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली: ‘सध्या कोणीही बोलत नाही.’