जुन्या राइड्स तुमच्या आहेत का?

हे खरं घडलंय. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर दुसरं काही वाचा. माझं काही म्हणणं नाही.

आणि रात्रीबित्रीची वाट बघू नका. आमच्याकडे जे येतं ते उजेडी येतं. चहाच्या वेळेला.

याच थंडीतली गोष्ट. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. मागची खोली लहान, एकाच खिडकीची. तिथे एक सायकल आहे. मागचं चाक काढून ती एका जड यंत्रावर कायमची बसवलीय. त्या यंत्राला ट्रेनर म्हणतात. समोर स्क्रीन, बाजूला पंखा, खाली रबराची चटई. आपण पॅडल मारायचं, स्क्रीनवर रस्ता पळतो. आपण आहोत तिथेच.

ती सायकल माझी नव्हती.

नवऱ्याच्या पहिल्या बायकोची होती.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. आणि पहिली... मी तिचं नाव घेत नाही, मनातल्या मनात 'पहिली' म्हणते... ती सायकलच्या शर्यतींत उतरायची. एका सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच हृदय थांबलं. तिच्यानंतर तीन वर्षांनी मी या घरात आले.

जिवंत सवत असती तर दोन हात केले असते. गेलेल्या बाईशी काय भांडणार? तिचं वजन वाढत नाही. तिच्या हातून दूध उतू जात नाही. ती कधी चिडत नाही.

सायकलवर एक चादर असायची. दर रविवारी तो ती स्वतः धुवायचा. माझा एक रुमाल धुतला नाही त्याने कधी.

मी गप्प बसले. बरीच वर्षं बसले. मग एकदा नणंद जेवायला आली. त्याची मोठी बहीण. भावाच्या पोटाकडे बघून म्हणाली, "ती होती तेव्हा तुला पोट नव्हतं रे. सकाळी दोघं शेजारी शेजारी चालवायचात. काय दम होता पोरीत. झोपेत नाडी चाळीसच्या आत असायची तिची."

"ताई, भाजी वाढू?" मी म्हटलं.

"वाढ की. तुला एक सांगते, मनाला लावून घेऊ नकोस हं."

असं म्हटलं की माणूस हमखास मनाला लावून घेतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी चादर ओढून काढली.

नवरा दारात येऊन उभा राहिला. "चालवणारेस?"

"का? नको चालवू?"

"चालव की. मी कुठे नाही म्हटलं?" मग म्हणाला, "फक्त नवीन खातं उघड. जुन्याला हात लावू नकोस."

जुन्याला हात लावू नकोस.

त्याचा ट्रेनर त्याने कधीच कुणाला तरी देऊन टाकला होता. स्वतःचा दिला. तिचा ठेवला. आणि वर मला सांगतोय, हात लावू नकोस.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी सगळं जोडायला बसले. तो कामावर होता. दोन अॅप असतात यात. एक प्लॅन बनवतं. ते हुशार असतं, एआयवालं. तुम्ही काल किती जोर लावला, किती झोपलात, ठोके किती पडले, हे बघून उद्याचा व्यायाम बदलतं. दुसरं अॅप स्क्रीनवर रस्ता दाखवतं आणि चढ आला की पॅडल जड करतं. दोन्ही एकमेकांना जोडायची, म्हणजे प्लॅनमधला व्यायाम आपोआप रस्त्यावर येतो.

जोडलं. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं.

मग प्रश्न आला...

'या ट्रेनरवर जुन्या राइड्स सापडल्या. या तुमच्या आहेत का?'

खाली दोन बटणं. हो. नाही.

वर तिचा फोटो होता. लांब वेणी, उंच बांधा, हेल्मेट काखेत. शेजारी माझा नवरा. बारीक. असा हसत होता की मी त्याला तसा हसताना पाहिलेलाच नाही.

'नाही' म्हटलं असतं तर सगळं तिचंच राहिलं असतं. ते सगळे चढ, त्या सगळ्या सकाळी.

मी 'हो' दाबलं.

तिची सगळी वर्षं एका बोटाने माझी केली. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

खाली एक ओळ आली: 'जोडीदार पुन्हा जोडला आहे.' म्हणजे त्याचं घड्याळ. मनगटावरचं. ते तो झोपतानाही काढत नाही. पूर्वी ते याच प्लॅनला जोडलेलं होतं, झोपेतले ठोके प्लॅनला कळवायचं. ते आपसूक परत जोडलं गेलं. म्हटलं, चला, जोडीदारही माझा झाला.

पहिल्याच सकाळी प्लॅनने मला मोठा चढ दिला. त्याला वाटत होतं मी म्हणजे ती. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. उतरले ती भिंत धरूनच बाहेर आले. नवरा पेपर वाचत होता. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी प्लॅन उघडला.

'आज विश्रांती. कालची दुसरी राइड उत्तम झाली.'

दुसरी?

मी एकदाच चालवली होती.

दुसरी राइड दुपारची होती. तोच चढ. जोर माझ्या दुप्पट. त्या दुपारी मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी सैल करत होते. नवरा कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला. घराला कुलूप.

ठोक्यांचा रकाना... रिकामा.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. छे. मला वाटलं, घरात बाई येते.

हसू नका. नवऱ्याकडे एक किल्ली आहे, नणंदेकडे एक. कुणाला दिली असेल काय सांगावं? मी टॉवेल हुंगला. उशी हुंगली. चटईवर हात फिरवला. एवढा चढ चढल्यावर घामाचं तळं व्हायला हवं. चटई कोरडी ठणठणीत होती.

पंखा मात्र... मागून कोमट लागला. आणि सीट दोन बोटं वर होती.

मी बुटकी आहे. मीच ती खाली केली होती.

संध्याकाळी त्याला विचारलं, "दुपारी घरी आला होतास?"

"मी? माझी पाठ धरलीय सकाळपासून."

"मग सीट कुणी वर केली?"

त्याचा चहा ढवळणारा चमचा थांबला. ते मी पाहिलं.

मग रोजचंच झालं. मी सीट खाली करायची. दुकानातून यावं तर वर. त्याच्या अवजारांच्या पेटीतला पाना काढला, नट जीव खाऊन आवळला. तरी वर. शेवटी मला भीतीपेक्षा रागच जास्त यायला लागला. म्हटलं, बाई गं, तुझे दिवस संपले. आता माझी पाळी आहे. असं मोठ्याने म्हटलं मी त्या रिकाम्या खोलीत.

पंखा फिरायला लागला...

मी बटण दाबलं नव्हतं.

त्यानंतरचा रविवार. सकाळचं ऊन स्वयंपाकघरात आलं होतं. मी चहा ठेवला होता. नवरा अजून झोपलेला. आणि मागच्या खोलीतून आवाज आला.

घर्रर्र... घर्रर्र...

ट्रेनरचा आवाज. लयीत. मला असा एकसारखा कधी जमला नाही.

मी दार ढकललं.

आवाज बंद.

पॅडल अजून फिरत होती. हळूहळू. मग थांबली.

स्क्रीन चालू होती. रस्ता चढाचा होता, आणि त्यावर दोन सायकली चालल्या होत्या. शेजारी शेजारी. एक उंच बाई, लांब वेणी. दुसरा माझा नवरा. त्याच्या डोक्यावर ठोक्यांचा आकडा लुकलुकत होता. तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

मी धावत बेडरूममध्ये गेले.

तो पाठीवर झोपला होता. पाय सरळ, स्थिर. पण श्वास चढावरचा चालला होता. मोठा, लांब. कपाळावर घाम. थंडीत. आणि ओठांवर हसू. तेच, फोटोतलं.

मी त्याला गदागदा हलवलं.

"काय गं? किती छान झोप लागली होती."

"स्वप्न पडलं का?"

"नाही." मग कूस बदलत म्हणाला, "चढ होता एक."

माझ्या काळजात चर्र झालं. भीतीने म्हणा, नाहीतर... कशानेही म्हणा.

त्या दिवसापासून प्लॅनमध्ये माझ्यासाठी रोज 'विश्रांती' यायला लागली. खाली वेगळी ओळ: 'जोडीदार: झोपेतले ठोके कमी होत आहेत. प्रगती उत्तम.' दुसऱ्या दिवशी आणखी कमी. मग आणखी. त्याचं पोट उतरलं. घरात इकडची काडी तिकडे न करता.

नणंद आली आणि हरखूनच गेली. "बघ बघ, चेहरा कसा पहिल्यासारखा झालाय. काय जादू केलीस गं?"

"मी नाही केली, ताई," मी म्हटलं. तिला वाटलं मी लाजतेय.

आकडा पंचेचाळीसवर आला, तिच्या चाळीसपाशी, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. मी मुकाट अॅप उघडलं आणि जुन्या राइड्स काढून टाकायचं बटण शोधलं. सापडलं. दाबलं.

'या राइड्स तुमच्या नाहीत, असं नक्की करायचं आहे का? त्या मूळ खात्याकडे परत जातील. जोडीदारही त्यांच्यासोबत जाईल.'

जोडीदारही जाईल.

आता सांगा. 'हो' म्हणू की 'नाही'? माझ्या म्हटल्या तर ती येत राहणार. तिच्या म्हटल्या तर तो जाणार.

मी फोन पालथा ठेवला. ट्रेनरची वायर काढली, पंख्याची काढली, खोलीला कडी घातली.

सकाळी घर्रर्र आवाज आला...

त्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. 'हो' दाबल्यापासूनचं. सीट, पंखा, वेणी, त्याचे ठोके. बोलताना रडलेही. वाटलं होतं ओरडेल. निदान वेड्यात काढेल. कुणीही काढलं असतं.

तो शांत ऐकत होता. टेबलावरचा चहा निवून गेला. मग त्याने एकच विचारलं.

"ती दमलेली वाटते का गं?"

सुरुवातीला चालवलं की सकाळी भिंत धरून मी त्या खोलीतून बाहेर यायचे. दमलीस का, असं मला त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"घड्याळ काढ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता काढ."

काढलं त्याने. माझ्या हातात दिलं. मी ते कपाटात, माझ्या साड्यांच्या खाली ठेवलं. दोन दिवस आकडा आला नाही. दोन दिवस तो नीट झोपला नाही. सारखा कूस बदलायचा, उठून खिडकीत बसायचा. माझ्याशी बोलायचा नाही असं नाही. बोलायचा. पण लक्ष मागच्या खोलीकडे.

आज सकाळी कपाटापाशी आला. नुसता हात पुढे केला.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण मग त्याला तोंडाने सांगावं लागलं असतं, त्याला कुणाबरोबर जायचंय ते. आणि ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. काही झालं तरी नव्हतं.

मी घड्याळ दिलं. त्याने पट्टा एक भोक आवळून बांधला आणि परत झोपायला गेला.

आता बाहेर चांगलं ऊन पडलंय. खाली मुलं खेळताहेत. मी पलंगावर त्याच्या शेजारी बसून हे लिहितेय, एक हात त्याच्या छातीवर ठेवून.

श्वास लांब चाललाय. मधे मधे हसतोय.

मी हाक मारली. दोनदा मारली.

तिसऱ्या हाकेला तो "आलो" म्हणाला.

पण तोंड माझ्याकडे नव्हतं.