माशांची डोकी आणि उघडं दार

"माशांची डोकी मी नाही उचलणार," शेजारचा चुनवेई म्हणाला. "हाताचा वास शाळा उघडेपर्यंत जायचा नाही."

"मी उचलते," त्याची धाकटी बहीण आन्छी पुढे सरसावली. "मला तो वास आवडतो."

प्रश्न मिटला. आता यूचिंगने ती डोकी आत्याच्या कचऱ्याच्या पिशवीत बाटल्यांखाली नीट दडवायची होती.

यूचिंग सुट्टीला थायनान शहरात आत्याकडे आली, तेव्हा तिच्या डोक्यात पोहणं आणि डंपलिंग एवढंच होतं. आत्या विकायची ते मांसाचं सारण भरलेले डंपलिंग साऱ्या पेठेत प्रसिद्ध. ते करणारे हात मात्र आत्याचे नव्हते. मागच्या खोलीत आजोबांच्या पलंगाशेजारी सकाळपासून झोपेपर्यंत सारण भरत बसायची ती वार्तिनी. तिला इंडोनेशियाहून आणलं होतं लुळ्या पडलेल्या आजोबांची सेवा करायला. ती डुकराचं मांस खात नसे. पण दिवसभर तेच मळणं तिच्या नशिबी आलं होतं. पगार हातात नाही, पासपोर्ट आत्याच्या कपाटात, फोन आत्याच्या पर्समध्ये. बाहेरच्या बायकांशी बोलली की बिघडते, असं म्हणून आत्या बाजाराला जाताना दाराला कुलूप घालायची.

यूचिंगला हे दिसत होतं, पण मोठी माणसं करतात ते बरोबरच असणार, असं तिला वाटे. मग एका संध्याकाळी गल्लीत गाणं वाजवत कचरागाडी आली आणि वार्तिनीने हळूच विचारलं, "हा आइसक्रीमवाला रोज येतो. तू कधी घेत कशी नाहीस गं?"

यूचिंगला हसू फुटलं आणि लगेच विरलं. वार्तिनीच्या गावी गाणं वाजवत यायचा तो आइसक्रीमवाला. इथे तिची खिडकी मागच्या भिंतीकडे उघडायची. दोन वर्षं रोज ते गाणं ऐकूनही तिने गाडी पाहिलीच नव्हती! शेजारच्या घरांत काम करणाऱ्या तिच्या देशाच्या बायका पिशव्या घेऊन गाडीपाशी जमत, गप्पा छाटत. आत्याच्या घरचा कचरा मात्र आत्याच नेई. त्या दिवशी यूचिंगने डंपलिंगला हात लावला नाही.

चुनवेईच्या आजीला सांभाळणाऱ्या, वार्तिनीच्याच देशाच्या मुर्नीताईला मुलांनी सगळं सांगितलं. तिचं म्हणणं पडलं की फोन केला तर सरकारी माणसं येतील, पण मालकिणीसमोर वार्तिनी भीतीने 'सगळं ठीक आहे' असंच म्हणेल. तिने आधी बाहेर यायला हवं, आपल्या माणसांत. आत्याचं दार गाडीच्या वेळी उघडं असे खरं, पण आत्याचा एक डोळा सतत दारावर. तो डोळा हलवायचा, म्हणून ही माशांची डोकी.

गाणं वाजलं. आत्या पिशवी घेऊन गाडीपाशी पोचली, आणि गाडीवरच्या काकांनी नाक मुरडलं. "बाई, बाटल्यांत मासळीबाजार? कचरा वेगळा करता येत नाही? खाली बसा आणि इथंच निवडा."

सारी गल्ली बघत होती. आत्या लाजेने लाल होऊन खाली बसली आणि तिने पिशवीत मान घातली.

"चल," यूचिंग धापा टाकत वार्तिनीला म्हणाली. "दार उघडं आहे."

वार्तिनीने हात पुसले. उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थिजली. बाहेर पाऊल टाकलं की पोलीस तुरुंगात घालतील, असं आत्याने तिच्या मनावर बिंबवलं होतं.

"आणि यांना कूस कोण बदलून देणार?" तिने आजोबांकडे बघत विचारलं.

तिघांच्या टोळीने सगळ्याचा विचार केला होता, फक्त याचा नाही. बाहेर काकांचा आवाज उतरत चालला होता.

"मी देते. तूच शिकवलंयस ना मला? मी बसते इथे. तू जा."

पलंगावरून तुटक आवाज आला. "जा... पोरी. जा."

वार्तिनी अनवाणीच बाहेर पडली.

यूचिंग वार्तिनीच्या चटईवर बसली. समोर फक्त भिंत होती. खोलीभर मांसाचा वास होता. इथे कोणी दोन वर्षं कशी काढावीत? बाहेर आत्या ओरडली, "कुठे निघालीस? आत हो!" मग मुर्नीताईचा आवाज आला, मग पुष्कळ बायकांचा, इतका की आत्याचा ऐकूच येईना. मुर्नीताई फोनवर कुणाला तरी पत्ता सांगत होती. यूचिंगने आजोबांचा हात घट्ट धरला. तिला खूप भीती वाटत होती.

सरकारी माणसं त्याच संध्याकाळी आली. मुर्नीताईचा हात धरून वार्तिनी सगळं बोलली, आणि आत्याला पासपोर्ट काढून द्यावा लागला. चुनवेईच्या आजीने टोळीची पाठ थोपटली, आंबे कापले. आन्छीला मात्र आधी हात धुवायला पिटाळलं. आत्या यूचिंगकडे पाठ फिरवून आपल्या खोलीत निघून गेली.

आसऱ्याच्या घरी जाण्याआधी वार्तिनी आजोबांचा निरोप घ्यायला आली. "आइसक्रीम नव्हतंच," ती म्हणाली, आणि हसता हसता रडली.

ती गेल्यावर यूचिंगने आजोबांना कूस बदलून दिली. जमलं.

"शहाणी पोर," आजोबा पुटपुटले. "मी बोलायला... हवं होतं. तू केलंस."

रोजच्या सवयीने ती दाराला कडी घालायला उठली.

"राहू दे," आजोबा म्हणाले. "आज उघडंच राहू दे."