व्हिएन्नातलं नौबहार

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल तो पुण्याचा नसेल, असं शमशुद्दीन सुरुवातीलाच बजावून ठेवायचा. तसं कॅम्पात त्याच्या शब्दावर कुणी फारसं विसंबत नसे. कात्रजच्या घाटातला एक अजगर त्याच्या स्कूटरच्या डिकीत झोपून थेट ईस्ट स्ट्रीटपर्यंत आला, गर्दी बघून वैतागला आणि आपणहून पुन्हा डिकीत जाऊन बसला, ही हकिगत तो शपथेवर सांगे. व्हिएन्नाच्या गोष्टीची मात्र त्याने कधी शपथ घेतली नाही.

त्या रविवारी ऐकायला अभय आला होता. अभय सदाशिव पेठेतला, वयाने शमशुद्दीनच्या निम्मा, आणि एके काळी त्याचा साहेब. दोघं गॅलरीत बसले. खाली रस्त्यावर मोबाइलच्या दुकानाचं गाणं चालू होतं. अभय म्हणाला, त्या वेळी ऑफिसात तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात एवढंच मी पाहिलं, बाकीचं आज सांगून टाका. शमशुद्दीनला तेवढं पुरलं.

येरवड्यात तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उगवू लागल्या होत्या. तुरुंगाच्या जुन्या दगडी भिंतीवरून नजर पुढे गेली की निळी काच दिसायची. त्यातल्याच एका इमारतीत व्हिएन्ना बघायला आलेल्या परक्या पाहुण्यांचे फोन घ्यायचं काम चाले. काय बघावं, कुठे जेवावं, संध्याकाळी कुठलं नाटक, कुठलं गाणं. फोन करणाऱ्याला वाटे, बोलणारा माणूस ऑपेराच्या मागच्या गल्लीत बसलाय. तो बसलेला असे येरवड्यात, समोर वडापाव, आणि ऑपेराचं दर्शन फक्त पडद्यावर. तिथल्या एकानेही व्हिएन्ना पाहिलेलं नव्हतं. पोरं तिथल्या रस्त्यांची नावं गरम बटाटावडा तोंडात फिरवल्यासारखी उच्चारायची.

शमशुद्दीनचा जन्म कॅम्पातल्या एका जुन्या हॉटेलात साहेबलोकांच्या खोल्यांच्या चाव्या देण्यात गेला होता. इंग्रजी लोण्यासारखं. निवृत्तीनंतर त्याला इथे घेतलं आणि सॅम असं नाव दिलं. राजवाड्याच्या वेळा, मोठ्या आकाशपाळण्यातून दिसणारी नदी, ऑपेरात उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं कुठल्या दाराशी मिळतात, सगळं त्याने कलम्यासारखं पाठ केलं.

पैशासाठी तो आला नव्हता. त्याची बायको हमीदा उन्हाळ्यात अंगावरून वारं गेल्यापासून बोलायची थांबली होती. हातपाय हलत, भरवलं तर जेवे. पण माणसाकडे बघायची ती कशी, तर स्टॉपवर उभं राहून आपली नसलेली बस बघावी तशी. डॉक्टर म्हणाले, शरीर सावरलंय, हाका मारत राहा, कधीतरी वळून बघतील. शमशुद्दीन हाका मारून थकला. दिवसा हमीदाजवळ देखभालीला ठेवलेल्या मालनबाई बसू लागल्या, आणि घरात बोलायला कुणी उरलं नाही म्हणून त्याने बोलण्याचीच नोकरी धरली.

एका दुपारी संगणकांचे सगळे पडदे काळे पडले. नेमका तेव्हाच एका म्हाताऱ्या इंग्रजाचा फोन आला. बरोबर बायको, बाहेर गारठा, केक आणि कॉफीचा कंटाळा आलेला. दूध घालून उकळलेला खरा चहा कुठे मिळेल? आणि शांत जागा हवी. अभयने लांबून हाताने खूण केली, बोलत राहा. बोलत राहणं हे शमशुद्दीनला शिकवावं लागत नव्हतं.

आता पुण्याच्या माणसाची पत्ता सांगायची एक रीत आहे. तो जे आहे त्यावरून सांगत नाही, जे होतं त्यावरून सांगतो. शमशुद्दीननेही तसंच सांगितलं. ट्राम वळताना कण्हते त्या कोपऱ्यावर उतरा. पुढे पूर्वी जिथे सिनेमागृह होतं तिथून डावीकडे. मग घड्याळं दुरुस्त करणारा बसायचा तो बोळ.

इंग्रज गोंधळला. जे पूर्वी होतं ते आता दिसणार कसं, असं त्याने विचारलं.

"लक्ष देऊन बघा, साहेब," शमशुद्दीन म्हणाला. "आमच्याकडे सगळे तसंच बघतात."

आणि त्याने बोळाच्या तोंडाशी एक चहाचं हॉटेल उभं केलं. संगमरवरी टेबलं, काचेच्या बरण्यांत बिस्किटं, भिंतीवर डाग पडलेला मोठा आरसा, आणि लाकूड वाकवून केलेल्या काळ्या खुर्च्या. हे सगळं कॅफे नौबहार होतं. ईस्ट स्ट्रीटवरचं, बहमनशेठ इराण्याचं. लग्नाआधी तो आणि हमीदा तिथे चोरून बसत आणि लग्नानंतर उजळमाथ्याने. आरशाजवळचं टेबल तिचं. बंद होऊन वर्षं झाली होती. जागेवर मोबाइलचं दुकान आलं, खुर्च्या एक भंगारवाला टेम्पोत घालून घेऊन गेला. त्या खुर्च्या आपल्या आजोबांनी व्हिएन्नाहून मागवल्या, असं बहमनशेठ सांगायचा. तोही थापाड्याच.

शमशुद्दीन तक्रारीची वाट बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच इंग्रजाचा फोन आला. त्याला सॅमशीच बोलायचं होतं. आयुष्यात असा चहा प्यायलो नाही, म्हणाला. पावाला लोणी एवढं की बायको दचकली. खुर्ची जरा डुगडुगत होती, पण एका पायाला तांब्याची तार गुंडाळलेली असल्यामुळे चालून गेलं.

तारेचं शमशुद्दीनने सांगितलेलं नव्हतं. ती तार बहमनशेठने त्याच्यासमोर गुंडाळली होती.

इंग्रज पुढे बोलतच होता. आरशाजवळ पिस्ता रंगाची ओढणी घेतलेली एक बाई एकटीच बसली होती. तुम्हाला कुणी पाठवलं, असं तिने विचारलं. सॅमचं नाव सांगितल्यावर खूप हसली. म्हणाली, त्यांनी तुम्हालाही अजगराची गोष्ट सांगितली का?

शमशुद्दीनने हेडफोन काढून ठेवला. काचेपलीकडे बंडगार्डनच्या पुलावरून स्कूटरी नेहमीसारख्या चालल्या होत्या.

मग त्याला चटक लागली. ऑस्ट्रेलियाचं जोडपं, कॅनडाची एक शिक्षिका, कुणीही चहा म्हटलं की तो त्यांना पूर्वीच्या सिनेमागृहावरून डावीकडे वळवायचा. जो जाई तो परत फोन करून काहीतरी खबर देई. बाई आज मावाकेक खात होत्या. बाईंनी विचारलंय, कॅम्पातल्या मेन स्ट्रीटवर अजून संध्याकाळी तशीच गर्दी असते का. बाई गुणगुणत होत्या. शमशुद्दीन घरी जाऊन हमीदाच्या उशाशी बसून तिला तिचीच खबर सांगे. ती आपली नसलेली बस बघत राही.

अभयच्या लक्षात आलं. ही जागा आपल्या यादीत नाही, तो म्हणाला. शमशुद्दीन म्हणाला, अभयराव, पुण्यातल्या किती जागा तुमच्या यादीत आहेत? पाहुणे खूश होऊन सेवेला पैकीच्या पैकी गुण देत होते, आणि ज्याची स्तुती होते त्याची चौकशी करायची नाही, एवढं शहाणपण अभयला पेठेनेच शिकवलं होतं.

एका संध्याकाळी मालनबाई दारातच थांबल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "चाचा, बाई आता काय बी खाईनात. पोट भरल्यावानी तोंड फिरवत्यात. अन् तोंडाला वेलदोड्याचा वास येतोय. घरात वेलदोडा नाय."

शमशुद्दीन वाकला. हमीदाच्या श्वासाला मावाकेकचा वास होता.

ती रोज थोडी थोडी हलकी होत गेली. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांनी नळीने अन्न द्यायचं ठरवलं, तेही अंगी लागेना. असंच चाललं तर फार दिवस नाहीत, असं त्यांनी शमशुद्दीनला जिन्यात नेऊन सांगितलं.

तेव्हा त्याला उमगलं. तिथे तिला सगळं मिळत होतं. चहा, केक, रोज नवा माणूस गप्पा मारायला. आणि तो नवा माणूस शमशुद्दीनच पाठवत होता. ती उठणार कशाला?

त्याने पाहुणे पाठवणं बंद केलं. तरी वेलदोड्याचा वास जाईना. स्वतः जावं, तर पासपोर्ट नव्हता. आणि असता तरी पूर्वीच्या सिनेमागृहावरून डावीकडचा व्हिसा कोण देणार? कुणाकरवी निरोप धाडावा, तर हमीदा कुणाच्या सांगण्याने उठणारी बाई नव्हती.

पण बहमनशेठची एक रीत होती. बंद करायची वेळ झाली की तो गिऱ्हाइकाला उठा म्हणत नसे. एक रिकामी खुर्ची उचलायचा आणि गिऱ्हाइकाच्या टेबलावर उलटी ठेवायचा. पाय वर. झालं. कुणीही असो, अर्धा कप टाकून उठायचा. हमीदा चिडायची, बडबडायची, पण उठायची.

शमशुद्दीन तशी खुर्ची ठेवील अशा एका माणसाची वाट बघत राहिला.

तो आला एका दुपारी. तरुण होता, नुकताच गाडीतून उतरलेला. जेवण कुठे चांगलं आणि संध्याकाळी संगीत कुठे, एवढंच त्याला हवं होतं. शमशुद्दीनने त्याला सगळं दिलं, कुठे गर्दी कमी, कुठे वाजवणारे खरे. मग म्हणाला, त्याआधी माझं एक काम करा. वाट सांगितली. तिथे काही बोलू नका, फक्त एक खुर्ची उलटी करून त्या बाईंच्या टेबलावर ठेवा. आणि फोन चालू राहू द्या.

पोराला मजा वाटली. तो निघाला.

शमशुद्दीनच्या कानात ट्राम कण्हली. मग पावलं. मग पोरगा म्हणाला, इथे सिनेमागृह होतं म्हणता, पण... हां, दिसलं.

दाराची घंटा वाजली.

आणि मग बशीत चमचा ठेवल्याचा आवाज. जाड, पांढऱ्या बशीत. तो आवाज ऐकला आणि शमशुद्दीन जागेवरून उठून उभा राहिला.

पोरगा कुजबुजला. बायका दोन आहेत. शेजारशेजारच्या टेबलांवर. दोघींची पाठ माझ्याकडे. कुठली?

"आरशाजवळची," शमशुद्दीन म्हणाला.

आरसा दोघींच्या मधे आहे, पोरगा म्हणाला.

"ओढणी बघा. पिस्ता रंगाची."

ठीक.

लाकूड फरशीवर घासलं. मग संगमरवरावर लाकूड टेकलं. एक खुर्ची मागे सरकली. कुणीतरी उठलं.

दाराची घंटा वाजली आणि फोन कटला.

शमशुद्दीन तसाच रिक्षाने घरी आला. दार मालनबाईंनी उघडलं. त्या रडत होत्या, पण तोंडावर हसू होतं. बाईंनी पाणी मागितलं होतं. मग भात मागितला होता. मग विचारलं होतं, हे कधी येतात?

हमीदा पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिने त्याच्याकडे बघितलं, नीट, आपली बस आल्यासारखं. वेलदोड्याचा वास गेला होता.

"काहीतरी सांगा ना," ती म्हणाली.

त्याने अजगराची गोष्ट सांगितली. आयुष्यभर ती गोष्ट अर्ध्यावर तोडून उठून जाणारी बाई, त्या दिवशी शेवटपर्यंत ऐकत राहिली. डिकी उघडल्यावर दचकली. अजगर परत जाऊन बसल्यावर पोट धरून हसली. जणू पहिल्यांदाच ऐकतेय. थापाड्या माणसाला याहून मोठं सुख ते काय?

"आणि तेव्हापासून बघ," शमशुद्दीन अभयला म्हणाला, "एकदाही मला थांबवत नाही ती."

अभयने पाय लांब केले. बाकी ठीक आहे, म्हणाला, पण चाची व्हिएन्नाहून आल्या त्या कुठल्या विमानाने, आणि कस्टमवाल्यांनी मावाकेक कसा सोडला?

चहाचा ट्रे घेऊन हमीदा गॅलरीत आली होती. आजवर ही गोष्ट निघाली की ती आतच असायची. आज ट्रे ठेवून ती तिसऱ्या खुर्चीवर बसली. शमशुद्दीनला जोर चढला. त्याने शेवट पुन्हा रंगवून सांगितला. पोराने ओढणी बरोब्बर ओळखली. खुर्ची उचलली, हमीदाच्या टेबलावर उलटी ठेवली. हमीदाने वर बघितलं, जरा चिडली, अर्धा कप टाकला आणि उठली.

"खोटं," हमीदा म्हणाली.

अभय हसला. म्हणाला, चाची, एवढ्या वर्षांनी एकदाचं तुम्ही यांना पकडलंत.

ती तीन कपांत चहा ओतत होती.

"हमीदाच्या टेबलावर नव्हती ठेवली त्याने," ती म्हणाली. "शेजारच्या टेबलावर ठेवली. माझ्या."