मडमेचं घड्याळ

मार्गासनीच्या मानसिंगरावांचं बोलावणं आलं, तेव्हा भोरच्या पेठेतला इब्राहीम घड्याळजी मनातून हरखला. अडतीस साल असावं. मानसिंगरावांना खिशातल्या गाणाऱ्या घड्याळांचा भारी नाद. पुण्याच्या लष्करात एखाद्या गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव निघाला, की हे तिथं हजर. अशी अकरा घड्याळं त्यांनी जमवली होती. इब्राहीमनं त्यांची नुसती वाखाणणी ऐकली होती.

नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढं बैलगाडी करून तो दुपारी पोचला. माजघरातून जात्याची घरघर येत होती.

मानसिंगरावांचे डोळे लाल झालेले होते. त्यांनी कपाट उघडलंच नाही. बंडीच्या खिशातून एकच घड्याळ काढून पुढं धरलं. तबकडीवर नखाएवढी सोन्याची मडम बसलेली, पुढ्यात तारांचं वाद्य. तिचा हात तारांवरून फिरत होता आणि बारीक, गोड सूर झरत होते. मधूनच ते अडखळत.

"अखंड वाजतंय?"

"वाजतं ठेवलंय. घटकेघटकेला चावी देतो."

"अन् रात्री?"

"झोपत न्हाई म्या."

इब्राहीमनं डोळ्याला भिंग लावलं. "आतली कमान, स्प्रिंग म्हणा, दमलीय. बदलावी लागंल. जरा थांबवतो..."

"थांबवू नका!"

"चालत्या घड्याळात हात कसा घालू, रावसाहेब?"

मानसिंगराव जवळ सरकले. आवाज अगदी खाली गेला. "भादव्यात आमच्या मंडळी तापानं गेल्या... गेलीच व्हती सगुणा. अंग गार पडलं. बाया रडाय लागल्या. तिला ह्ये घड्याळ लई आवडायचं, म्हून उशाशी वाजवलं... अन् ती उठून बसली. तवापासनं थांबू दिलं न्हाई."

जागरणानं माणूस भ्रमला, असं इब्राहीमला वाटलं. त्याची भीती एकदाची घालवावी म्हणून त्यानं चिमट्याचं टोक हलकेच चाकावर टेकवलं.

सूर तुटला. मडमेचा हात अधांतरी राहिला.

माजघरातली घरघरही थांबली. हळूहळू नव्हे... मध्येच कापल्यासारखी. त्या घरात आता कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"सगुणा..." मानसिंगराव माजघराकडं वळले.

इब्राहीमनं घाईनं चिमटा उचलला. मडमेचा हात खाली आला, आणि जातं जिथं थांबलं होतं तिथून पुन्हा फिरू लागलं.

त्यानं भराभर हत्यारं गुंडाळली. "कमान पुण्याहून मागवतो," असं काहीतरी पुटपुटत तो निघाला. माजघराच्या दारावरून जाताना त्यानं आत पाहिलं. सगुणाबाई पाठमोरी बसली होती. मूठ खुंट्यावर होती, आणि जात्यात दाणा नव्हता.

"दादा..." मान न वळवता ती म्हणाली, "मगाशी थांबलं, तवा लई बरं वाटलं वो... पुन्यांदा का सुरू केलंत?"

इब्राहीम तसाच बाहेर पडला. भोरला परतल्यावर कित्येक दिवस त्याचं कामात चित्त लागेना. दुकानातलं कुठलंही घड्याळ बंद पडलं, की तो दचकून आधी त्याला चावी देई. कमान त्यानं मागवलीच नाही.

माघात एके सकाळी मानसिंगराव स्वतः दुकानात आले. घड्याळ गल्ल्यावर ठेवलं. मडमेचा हात लोंबत होता.

"कधी थांबलं?"

"आठ दिस झालं. तिनं हात जोडलं माज्यापुढं... मग म्याच थांबवलं."

इब्राहीमची मान खाली गेली. "सुटल्या म्हणायच्या बिचाऱ्या. अल्ला त्यांना—"

"न्हाई वो, भाई." मानसिंगरावांनी त्याचं मनगट धरलं. "कसंबी करा, ह्ये नीट करा. आता चावी दिली तरी वाजत न्हाई. पुन्हा वाजवून पुन्हा बंद करून बघतो... ती दळतीया. आठ दिस, आठ रात्री. दोघा गड्यांनी धरली तरी थांबतच न्हाई. जात्यात दाणा न्हाई, पीठ पडत न्हाई, पर घरघर चालूच हाय..."

इब्राहीमनं काळ्या फडक्यावर घड्याळ पालथं घातलं आणि पाठीमागचं झाकण नखानं उचकटलं.

आतून फडक्यावर पीठ सांडलं. पांढरं, बारीक पीठ. त्यानं बोट लावून पाहिलं, तर ते अजून कोमट होतं.